‘प्लॉटवार्ता’च्या नकाशातली तुटक रेघ

“हिला मराठी वाचता येतं का, ते आदी सांगा.”

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी स्कॅनरची काच पुसत होते. आवाज नवा होता, मोठा होता, आणि आपलं बोलणं पलीकडे जातंय याची त्याला फिकीर नव्हती.

“येतं हो,” आमचे दिलीपसर म्हणाले. “इंग्लिश मीडियमची आहे, पण मराठी चांगलं वाचते. बोलत मात्र फारशी नाही.”

“मग बेस झालं. बोलायचं काम माजं. तिनं नुसतं पान कसं दिसतंय ते बगायचं.”

अशी मला पोपटरावांची ओळख झाली. त्यांना माझी व्हायला पुढे वर्ष जावं लागलं.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दिलीपसरांचं डीटीपी सेंटर होतं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक लेझर प्रिंटर आणि वीज गेली की या सगळ्यांना मिळून दहा मिनिटं जगवणारी एक बॅटरी. शहाण्णव-सत्त्याण्णवचा काळ. लोकांना आमचं काम म्हणजे टायपिंग वाटायचं. खरं तर टायपिंग त्यातला सोपा भाग. मजकूर, फोटो, नकाशे, चित्रं एका पानावर अशी मांडायची की वाचणाऱ्याचा डोळा अडखळू नये, हे खरं काम. मग ते पान बटर पेपर नावाच्या अर्धपारदर्शक कागदावर छापायचं. तो कागद प्रेसमध्ये गेला की त्यावरून प्लेट तयार होते. प्लेट होईपर्यंत चूक आमची असते. प्लेट झाली की ती सगळ्यांची होते, कारण ती हजार वेळा छापली जाते.

मी तेव्हा वीस-एकवीसची. वडील सरकारी नोकरीत कालव्यांचे नकाशे काढायचे. त्यांच्या बदल्यांमुळे माझं शिक्षण वेगवेगळ्या गावांतल्या इंग्रजी शाळांत झालं. मी घरात मराठी बोलायचे, वहीत इंग्रजी लिहायचे आणि बाहेर दोन्ही भाषांत गप्प राहायचे. कॉम्प्युटरसमोर बसलं की कोणाशी नजर मिळवावी लागत नाही, म्हणून हे काम मला आवडलं होतं.

आणि मला नीटनेटकेपणाचा सोस होता. पहिल्याच वर्षी एका लग्नपत्रिकेत मी नवरीच्या पाच मामांची नावं अकारविल्हे लावून टाकली. मला ती यादी विस्कळीत वाटली होती. त्यामुळे सगळ्यात धाकटा मामा सगळ्यात वर गेला. थोरले मामा स्वतः सेंटरमध्ये आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आमच्यात कोण आदी जन्मलं, ते तुमच्या मशीनला कळत न्हाय का?” चारशे पत्रिका पुन्हा छापल्या. मी “चुकलं” म्हणायला हवं होतं. मी पडद्याकडे बघत राहिले आणि सर बोलले. ही सवय तेव्हाच लागली असावी.

पोपटराव इंदापूरचे. आधी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मग जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकायचा धंदा. हायवेच्या कडेला त्यांची नवी स्कीम निघाली होती. जाहिरातीचे कागद कोणी वाचत नाही, त्यात भेळ बांधतात, असं त्यांचं निरीक्षण होतं आणि ते बरोबर होतं. म्हणून त्यांना दर पंधरा दिवसांनी निघणारं चार पानी पत्रक हवं होतं. नुसते प्लॉट नाहीत, घर बांधणाऱ्याला लागणारी सगळी माहिती त्यात. सातबाऱ्यावर काय बघायचं, बिगरशेती म्हणजे काय, विटा कुठल्या घ्यायच्या. दुसऱ्या पानावर ‘पोपटराव सांगतात’ हे सदर, तेही त्यांच्याच बोलीत. ‘प्लॉटवार्ता’ हे नाव त्यांनीच ठरवून आणलं होतं. रूप ठरवायचं राहिलं होतं, ते माझ्याकडे आलं.

त्यांना नाव लाल अक्षरात हवं होतं, अक्षरांना सावली हवी होती, चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी हवी होती. मी तीन दिवस बसून वेगळंच काही केलं. ठसठशीत काळ्या अक्षरात नाव, खाली एक बारीक रेघ, तीन कॉलम, आणि डाव्या कडेला चांगली तीन बोटं रुंद मोकळी पट्टी. पोपटरावांनी कागद हातभर लांब धरला.

“ताई, ही कडंला एवडी मोकळी जागा कशापायी सोडली?”

“डोळ्याला बरं वाटतं,” मी म्हणाले.

“अवो, मी जागा इकणारा माणूस. माज्याच पेपरात जागा मोकळी ऱ्हायली, तर लोक म्हणतील ह्याचं प्लॉट खपंनात.”

सर हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात त्यांची नजर घराच्या चित्रावर गेली. ते मी एका तयार चित्रांच्या सीडीतून घेतलं होतं. उतरतं छप्पर, बाग आणि छपरावर चिमणी.

“आन् हे धुराडं? साखर कारखाना बांदतोय काय मी?”

मी धुराडं पुसलं. माउस धरून अर्ध्या मिनिटात. मोकळ्या पट्टीचा निकाल मात्र त्यांच्या घरी लागला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “आमच्या मंडळींना आवडली. वाचताना अंगठा ठेवाया बरी, म्हणती. ऱ्हाऊ द्या.” माझ्या कामाचं इतकं अचूक कौतुक नंतर कोणी केलं नाही. त्या बाईंना मी कधी पाहिलंही नाही.

शेवटच्या पानावर स्कीमचा नकाशा होता. पोपटरावांनी आणलेला कागद म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. अशा कागदाचं स्कॅनिंग केलं की पानभर काळे ठिपके येतात, मिरी सांडल्यासारखे. ते कॉम्प्युटरवर एकेक करून पुसावे लागतात. या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. इतर सेंटरांतून छापलेले नकाशे माशा बसल्यासारखे दिसायचे. माझे धुतल्यासारखे निघायचे.

नकाशात अठ्ठावीस प्लॉट होते, मधे रस्ते. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून चार प्लॉटांवरून तिरकी जाणारी, खालच्या चारीपर्यंत पोचणारी ठिपक्यांची एक ओळ होती. कालव्यातून पाणी वाटून देणाऱ्या पाटाला आमच्याकडे चारी म्हणतात.

ती मला दिसली होती. इतकी वर्षं झाल्यावर हे लिहिताना मला पळवाट नको आहे. सांडलेले ठिपके कसेही पडतात. हे ठिपके सारख्या अंतरावर होते. पहिल्या प्रूफमध्ये मी ते तसेच ठेवले. पोपटरावांनी त्यावर पेनाचं टोक टेकवलं.

“ही मुंग्यांची रांग कसली? साफ करा. गिऱ्हाइकाला प्लॉट कसा कोरा दिसला पायजे.”

विचारायची ती वेळ होती. “ही वाट आहे का?” एवढे चार शब्द. मी मान हलवली आणि पोपटराव गेल्यावर ठिपके पुसले. पान सुंदर दिसायला लागलं, हेही खरं आहे. ती तिरकी रेघ गेल्यावर चौकोनांना चौकोन मिळाले, आणि मला समाधान वाटलं.

संध्याकाळी चहा घेताना बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, “नकाशात तुटक रेघ म्हणजे काय?”

“पाऊलवाट,” ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “जोड तुटक असेल तर गाडीवाट. का गं?”

“काही नाही.”

“नकाशात उगाच कोणी ठिपके काढत नाही. उन्हात फिरून काढावे लागतात ते.”

बटर पेपर प्रेसमध्ये जायला अजून एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक चिठ्ठी लिहिली आणि नकाशाच्या पानाला टाचणीनं लावली. तुटक रेघ वाट असू शकते, कृपया खात्री करून घ्यावी, असा मजकूर होता. चिठ्ठी इंग्रजीत होती. ती पोपटरावांसाठी होती आणि पोपटरावांना इंग्रजी येत नाही हे मला माहीत होतं. सरांनी ती वाचली.

“पोपटरावांनीच साफ करायला सांगितलं ना?”

“हो.”

“मग झालं तर.” त्यांनी टाचणी काढून डबीत टाकली आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये.

मी माझ्यापुरतं सांगून मोकळी झाले होते. लाजाळू माणसाला हे फार चांगलं जमतं. ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगायचं, आणि सांगितलं होतं याची आठवण जपून ठेवायची. पहिलं प्रूफ मी माझ्या फाइलमध्ये घातलं. तसं मी सगळीच पहिली प्रूफं ठेवायचे.

‘प्लॉटवार्ता’ नाव काढावं इतकी चालली. इंदापुरात सलूनमध्ये, हॉटेलात, तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या टपऱ्यांवर ती दिसायची. ‘पोपटराव सांगतात’ लोक मोठ्यानं वाचायचे. बारामतीतल्या दुसऱ्या एका प्लॉटवाल्यानं आमची मोकळी पट्टीसुद्धा उचलली, पण दोन अंकांनंतर तिथे टाइल्सची जाहिरात बसवली. मला आतून हसू आलं होतं. पट्टी मोकळी ठेवायला धीर लागतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. धीर हा शब्द मी त्या अर्थानं वापरत होते.

उन्हाळा सरता सरता स्कीममधलं पहिलं घर उभं राहिलं. त्याचा फोटो पहिल्या पानावर हवा होता आणि “फोटो कसा दिसंल ते ताईच बगतील,” असं पोपटराव म्हणाले. सरांचा कॅमेरा घेऊन मी इंदापूरच्या एसटीत बसले. अंथुर्णे मागे पडेपर्यंत मी मनात चौकट आखत होते. घर उजवीकडे, डावीकडे आभाळ, नाव आभाळावर.

स्कीमच्या मागच्या अंगाला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि तारेपलीकडे तीस-चाळीस मेंढ्या. त्यांच्यात काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा उभा होता. पोपटरावांचा माणूस फोटोसाठी घरमालकाला बोलवायला गेला होता. मी एकटी होते.

“कोण पावणं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“फोटो काढायला आलेय.”

“काडा की. आमचाबी काडा.” तो हसला. मग काठीनं तार दाखवली. “ह्याचाबी काडा.”

त्याचं नाव बिरूआबा, हे त्यानंच सांगितलं. आबाची वस्ती स्कीमच्या मागे होती. पूर्वी सगळ्या भावकीची मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं तशी एकेकानं ऊस लावला, मेंढरं मोडली. आबानं थोडी राखली होती. दिवाळी झाली की ती नातलगांच्या कळपात मिसळून कोकणाकडे जायची आणि उन्हाळ्याच्या शेवटाला परत यायची. आबाही बरोबर असायचा. म्हणजे वर्षातले सहा महिने मेंढरांची वाट रिकामी असायची. नेमक्या त्याच महिन्यांत प्लॉट विकले गेले, तार ओढली गेली. ज्यांनी जागा येऊन पाहिली त्यांना तिथे नुसती जमीन दिसली. माझा नकाशा त्यांच्या हातात होता आणि तो कोरा होता.

“चारीवर पाण्याला न्ह्यायची ही वाट,” आबा म्हणाला. “माज्या बाची. आता हायवेनं न्ह्यावी लागत्यात. मागल्या हप्त्यात दोन मेंढरं ट्रकखाली गेली.” त्यानं आवाज चढवला नाही. “आन् ही काळी बगा.”

कळपाच्या पुढे असलेली एक काळी मेंढी तारेला नाक लावून उभी होती.

“रोज हितंच येऊन थांबती. मी हाकलतो, फिरून येती. तिला काय ठावं प्लॉट पडल्यात ते.”

ती उभी होती ती जागा मला ओळखू आली. वरचा डावा कोपरा. तिथून मी पुसायला सुरुवात केली होती.

“तुमी पेपरवाल्या का?”

मी मान अशी हलवली की त्यातून होही निघेल आणि नाहीही.

“मग लिवा की पोरी, हितं वाट हाय म्हणून.”

तेवढ्यात घरमालक आले. निवृत्त एसटी कंडक्टर, वरकुट्याचे. अंगात नवा सदरा, डोक्यावर टोपी सरळ करत दारात उभे राहिले. आयुष्यभर धावत्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाचं पहिलं स्वतःचं घर होतं ते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत डावीकडे तार, काळी मेंढी आणि आबाची काठी येत होती. मी दोन पावलं उजवीकडे सरकले. आता फक्त आभाळ आलं. फोटो उत्तम आला, अंक उचलला गेला. तो अंक मी ठेवलेला नाही.

पुढच्या काही महिन्यांत आबानं वाट मोकळी करून मिळावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केला. ती वाट कंडक्टरकाकांच्या प्लॉटवरूनही जात होती, त्यांनी उत्तरादाखल ‘प्लॉटवार्ता’ जोडली. नकाशा बघा, यात वाट आहेच कुठे? त्यांचंही चुकलं नव्हतं, तो नकाशा बघूनच त्यांनी प्लॉट घेतला होता. मूळ कागद पोपटरावांना सापडत नव्हता. तेव्हा त्यांनी सरांना सांगितलं, “सुनावणीला एक जण पाटवा. ‘दिलं तसं छापलं’ एवडं बोललं की काम झालं.”

सरांनी मला पाठवलं. “तू फक्त हो म्हण,” ते म्हणाले. “तुला नाहीतरी बोलायचं नसतंच.” ते माझी चेष्टा करत नव्हते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

मी निघताना फाइलमधून पहिलं प्रूफ काढून पर्समध्ये ठेवलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. दाखवायचं ठरवलं होतं असं म्हणणं खोटं होईल. एसटीत मी ‘हो’चं आणि ‘नाही’चं, अशा दोन्ही वाक्यांची तयारी करत होते.

त्या दिवसानंतरचं आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. तहसीलदारांनी जागेवर पाहणी केली, वस्तीवरच्या लोकांचे जबाब घेतले आणि तार मागे सरकली. वाट मोकळी झाली. ‘प्लॉटवार्ता’ दुसऱ्या सेंटरकडे गेली आणि सहा महिन्यांत बंद पडली. सर मला काही बोलले नाहीत, पण नकाशाची कामं स्वतः बघायला लागले. पोपटराव मला सुनावणी संपल्यावर तहसील ऑफिसच्या पायऱ्यांवरच भेटले होते. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, “ताई, हेच तवा सांगितलं असतं, तर मीच आट फूट सोडून प्लॉट पाडलं असतं. रेघ मारायला काय लागतंय?” ते खरं बोलत होते की लोकांदेखत चांगलं दिसावं म्हणून बोलत होते, ते मला आजही माहीत नाही. खरं बोलत असतील, या शक्यतेचाच मला जास्त त्रास होतो.

आणि आबाची मेंढरं. ती सुनावणीच्या आधीच विकली गेली होती. काळीसुद्धा. आज ती वाट आहे, रुंद आहे, तिच्यावर गवत उगवलेलं असतं.

आता पुस्तकांची मांडणी करते. ठिपके अजूनही पुसते, पण पुसण्याआधी मोठ्यानं विचारते. बरोबरची मुलं हसतात.

त्या दिवशी सुनावणीच्या खोलीत पंखा जोरात फिरत होता आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं आपल्या कागदावर हात ठेवला होता. आबा भिंतीशी उभा होता, काठी दाराबाहेर ठेवून आल्यामुळे हातांचं काय करावं हे न कळल्यासारखा. मी त्याला ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही.

“आता मेंढरं नाहीत म्हणता, मग वाट कशाला हवी?” तहसीलदारांनी विचारलं.

“वाट नगं मला सायेब,” आबा म्हणाला. “मेंढरं इकली म्या. पर हे समदे म्हणत्यात म्हातारा खोटं बोलतुय. वाट व्हती, एवडं कागदावर लिवा. मग मी जातो.”

कंडक्टरकाकांनी अंक पुढे केला. शेवटचं पान वर होतं. कडेची मोकळी पट्टी, स्वच्छ चौकोन. त्या टेबलावरच्या सगळ्या कागदांत तेच सुंदर दिसत होतं. कारकुनानं दिलीपसरांच्या सेंटरचं नाव पुकारलं. मी उभी राहिले. पोपटराव माझ्याकडे बघून हसले, धीर द्यावा तसे.

“हा नकाशा तुम्ही छापला?”

“हो.”

“दिला तसाच छापला?”

पोपटरावांनी माझ्या वतीनं मान हलवली. तहसीलदार लिहायला खाली वाकले. मी पर्स उघडली, प्रूफ काढलं, उलगडून टेबलावर ठेवलं आणि ते उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला. पंख्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं वाटलं, म्हणून मोठ्यानं बोलले. स्वतःचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

“नाही साहेब. आबा खरं बोलतात. दिलेल्या नकाशात वाट होती. मला दिसली होती, तरी मी पुसली.”